जाहिरात मुबलक, माल मोजका

सन २०१४ ची विजयादशमी उलटून तीनच दिवस झाले होते आणि दिवाळी अडीच आठवड्यांवर येऊन ठेपली होती, अशा वेळी, ६ ऑक्टोबरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता, बंगळुरूच्या फ्लिपकार्ट कंपनीने ‘बिग बिलियन डे’ या नावाने जी महाविक्री पुकारली, तिच्या जाहिरातींवर विश्वास ठेवून असंख्य ग्राहक ठरल्या घटकेला मोबाइल वा संगणक उघडून बसले, आणि त्यांतील पुष्कळांच्या पदरी निराशेखेरीज काही पडले नाही. संकेतस्थळ वारंवार बंद पडले, वस्तू पाहता पाहता संपल्या, नोंदवलेल्या मागण्या मागाहून रद्द झाल्या, आणि काही वस्तूंच्या किमती आधी चढवून मग सवलतीच्या नावाखाली उतरवल्याची तक्रार झाली. दुसऱ्याच दिवशी संस्थापक सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना पत्र पाठवून क्षमायाचना केली. सुमारे पाच हजार सर्व्हर सज्ज ठेवून वीसपट गर्दीची तजवीज केली होती, तरी ती अपुरी पडली, आणि मालाचा साठाही पुरेसा नव्हता, अशी कबुली त्या पत्रात होती. दहा तासांत सहाशे कोटी रुपयांची विक्री झाल्याचेही कंपनीने जाहीर केले होते.

पत्रातील या दोन कबुल्यांचे वजन मात्र सारखे नाही. गर्दी किती लोटेल याचा केवळ अदमासच बांधता येतो, आणि अदमास चुकला तर सहृदय ग्राहक तो अपराध पोटात घालील. परंतु अमुक किमतीचे किती नग विकावयाचे आहेत, हा काही अदमासाचा विषय नव्हे. तो आकडा विक्रीपूर्वीच विक्रेत्याच्या दप्तरी नोंदलेला असतो, आणि जाहिरातीत तेवढाच नेमका सांगितला जात नाही. शे-दोनशे नगांसाठी लाखो माणसांना जागवावयाचे, आणि त्यांपैकी बहुतेक जण रिक्त हस्ते परत जाताना त्यांच्यासमोर दुसरी, महाग वस्तू ठेवावयाची, हा व्यवहार यंत्राच्या बिघाडाच्या सदरात घालता येणार नाही. माझा आक्षेप आहे तो या मौनावर.

ग्राहकावर प्रत्यक्ष काय गुदरते ते जवळून पाहावे. आठवडाभर घरात विचारविनिमय करून फ्रिज निवडलेला असतो, जुना देऊन टाकण्याचेही ठरलेले असते. वस्तू ‘कार्ट’मध्ये पडली की ती आपली झाली असे ग्राहक समजतो, वस्तुतः बहुतेक ठिकाणी तिथे काहीही राखून ठेवलेले नसते, आणि पैसे भरून होईपर्यंत तोच नग दुसऱ्याच्या नावे लागू शकतो. कार्डाचा क्रमांक भरून झाला, ओटीपीची वाट पाहण्यात वेळ गेला, पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, आणि अखेर बँकेचा पैसे कापले गेल्याचा संदेश आधी आला व ‘आउट ऑफ स्टॉक’ ही अक्षरे मागाहून उमटली. अशा रीतीने अडकलेली रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत मिळावी आणि पुढील विलंबाबद्दल दररोज शंभर रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा हुकूम आहे. परंतु ही गोष्ट ग्राहकाला त्या घटकेला कोणीही सांगत नाही. पुढे त्याचा संताप दारी येणाऱ्या पोऱ्यावर किंवा फोनवर बोलणाऱ्या मुलीवर निघतो, हा तर शुद्ध अन्याय, कारण साठा किती ठेवावयाचा हे त्यांनी ठरवलेले नसते.

आपल्या बाजारपेठेत इसाराची रीत फार जुनी आहे. इसार घेतला की माल त्या गिऱ्हाइकाचा, मग दुसरा कोणी अधिक दाम घेऊन आला तरी पेढीवरचा माणूस शब्द फिरवीत नसे. येथे तर इसार कसला, पुरती किंमत आगाऊ वसूल केली जाते, आणि तरीही माल रवाना होईपर्यंत करारच झाला नाही, अशी तरतूद अनेक कंपन्यांच्या अटींच्या लांबलचक मजकुरात असते. कायद्याच्या काटेकोर भाषेत ती टिकतही असेल. न्यायबुद्धीला ती पटत नाही.

कायदा अगदीच निद्रिस्त आहे असे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते व एका महिन्यात तिचा निकाल लावावा लागतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आमिषाच्या जाहिरातींना बंधने घातली, आणि २०२३ च्या सूचनांनी खोटी निकड निर्माण करण्यासारख्या तेरा फसव्या क्लृप्त्या निषिद्ध ठरवल्या. तथापि नगांचा आकडा सांगण्याबाबत, साठा मोजका असेल तर तसे स्पष्ट करावे, एवढ्यावरच २०२२ च्या सूचना थांबतात, आणि ‘साठा मर्यादित’ हे दोन शब्द बारीक टंकात छापून विक्रेता मोकळा होतो. माझ्या मते हे पुरेसे नाही. सवलतीच्या किमतीला किती नग उपलब्ध आहेत हा आकडा किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असावी, आणि पूर्ण पैसे स्वीकारलेली मागणी विक्रेत्याने एकतर्फी रद्द केल्यास रक्कम परत करण्याखेरीज निश्चित भरपाईही द्यावी लागावी.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा व्हायला अजून बारा वर्षे अवकाश होता. संघटित ग्राहकांच्या रेट्याने तो झाला. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की, येत्या सणाच्या विक्रीत मागणी रद्द झाली तर केवळ चरफडत बसू नये. जाहिरात, मागणीचा क्रमांक व बँकेचा संदेश यांची छायाप्रत जपून ठेवावी, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तरीही दाद न मिळाल्यास आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तेथे शुल्क लागत नाही.