हसायचे कुणाला?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी आठ-दहा माणसांनी मिळून एक जुना मूकपट पाहिला. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द फार्मर्स वाइफ’, 1928 सालचा. पुढे अंगावर काटा आणणाऱ्या चित्रपटांसाठी गाजलेल्या या माणसाने तरुणपणी एका विधुराच्या वधूसंशोधनाची गंमत पडद्यावर आणली होती. चित्रपट संपताच मंडळी म्हणाली, “किती निरागस!” माझे भांडण आहे ते या शब्दाशी.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला सॅम्युएल स्वीटलँड हा सधन शेतकरी. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली, शेकोटीजवळची समोरची खुर्ची रिकामी. मग हा गृहस्थ घर सांभाळणाऱ्या मिंटाला पुढ्यात बसवून पंचक्रोशीतल्या लग्नायोग्य बायकांची यादी करतो आणि एकेकीच्या दारी जातो. मागणी घालायला म्हणता? छे! उपकार करायला आल्याच्या थाटात.

चौघीजणी त्याला नकार देतात. लुइझा विंडेट ही विधवा हसतमुखाने त्याला वाटेला लावते, तर याचा केवढा संताप! थर्झा टॅपर नकार देते ती थरथर कापत. मेरी हर्नला तो तिच्या वयावरून आणि अंगलटीवरून बोलतो, आणि ती किंचाळू लागली की हसू मात्र तिचे होते. गुत्त्यावरची मर्सी बॅसेट तर झटक्यात निकालात निघते. म्हणजे ‘हा माणूस मला नको’ हे बाईचे कारण मुळी कारणच नव्हे. तो तिचा विक्षिप्तपणा! एडन फिलपॉट्सच्या ज्या नाटकावरून हा चित्रपट निघाला, त्याचे 1924 पासून लंडनमध्ये 1300 हून अधिक प्रयोग झाले. एवढी माणसे हसली ती कुणाला, हे विचारायला नको?

“अहो, स्वीटलँडचीही फजिती होतेच की,” असे आमचे मेहुणे म्हणाले. होते, कबूल. जेम्सन थॉमसने त्याची ऐट आणि पडलेला चेहरा झकास दाखवला आहे. पण त्याच्या फजितीवर शेवटी फुंकर घातली जाते. मेरी परत येते ती पुन्हा आकांत करून हशा पिकवायलाच. आणि लिलियन हॉल-डेव्हिसची मिंटा? तिला त्या खुर्चीत बसलेली पाहून माझेही डोळे ओलावले, खोटे कशाला बोलू! ती त्याच्यावर जीव लावते, हे पहिल्यापासून दिसते. त्या जीव लावणाऱ्या बाईसमोरच त्याने इतर चौघींची नावे काढली, त्याचे काय?

आमच्याकडे पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या मुलीने नकार दिला की हीच वाक्ये ऐकू येतात : डोक्यात हवा गेली आहे, स्वतःला समजते कोण! माझ्या भाचीने तिच्या आदल्या वर्षी एक स्थळ नाकारले, तेव्हा आमच्याच घरात ती बोलली गेली. त्या दिवशी न हसणारी ती एकटीच.

चहा घेता घेता ती म्हणाली, “मामा, यादी मिंटाने केली असती, तर त्यात स्वीटलँडचे नाव कितवे आले असते?”

कुणीच काही बोलले नाही. बहिणीने चकलीचा डबा पुढे सरकवला.