झडप बदलली, धावायला कोण शिकवणार?

हृदयाची झडप बदलून रुग्ण पेणला किंवा रोह्याला घरी परतला की शेजारीपाजारी सांगतात, ‘आता जपून राहा.’ पूर्वी पहाटे धावणाऱ्याचे बूट तर माळ्यावरच जातात. काळजी खरी असली तरी कायमची विश्रांती हा उपाय नव्हे. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दम लवकर लागतो आणि मनही खचते. झडप बदलण्याचा हेतूच माणसाने पुन्हा हिंडावे-फिरावे हा असतो.

मात्र घाईही नको. छातीचे उभे हाड चिरून शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते सांधायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर चालणे हाच व्यायाम. पुढे इको आणि गरजेनुसार स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, की एक मिनिट हळू धावणे आणि दोन-तीन मिनिटे चालणे, अशी सुरुवात करता येते. नाडीचा वेग मंदावणारी गोळी चालू असल्यास घड्याळातल्या आकड्यांवर विसंबू नये. धावताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे, ही साधी कसोटी पुरते. छातीत दुखणे, भोवळ, अनियमित धडधड झाल्यास तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. हृदयाचा पंप कमकुवत असलेल्यांना किंवा महाधमनी रुंदावलेल्यांना वेगळे नियम लागतात.

धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. अशा माणसाने अवजड वाहनांच्या मुंबई-गोवा महामार्गाकडेला अंधारात धावणे धोक्याचे. पडून डोक्याला मार लागल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शाळेचे मैदान बरे. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळीही रक्तस्रावाचा धोका वाढवते. पालेभाज्या बंद करायची गरज नाही, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. कोकणातल्या दमट हवेत घाम फार जातो, म्हणून पाणी किती प्यावे हेही डॉक्टरांना विचारावे.

हे सारे समजावून सांगणार कोण, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण पुष्कळदा तरुण, कमावत्या वयाचे असतात. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेमुळे घर गहाण न टाकता शस्त्रक्रिया होऊ शकते. पण आयएनआरसाठी आणि ‘किती चालू, कधी धावू’ एवढे विचारायला रोजगार बुडवून दिवा-रोहा गाडीने मुंबईकडे जावे लागले, तर तपासणी चुकते. चुकलेल्या तपासणीतून झडपेवर गुठळी धरू शकते आणि लाखोंच्या शस्त्रक्रियेवर पाणी फिरते.

म्हणून पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत आयएनआर तपासणी हमखास मिळावी. आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हृदयरुग्णांचा व्यायामवर्ग भरावा. त्यासाठी एक खोली, रक्तदाब व नाडी मोजायची साधने आणि प्रशिक्षित माणूस लागेल. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. नवी झडप बसवून देणाऱ्या व्यवस्थेने रुग्णाला मैदानापर्यंत सोबत करणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.