निकालाची वाट पाहत बसूं नका !

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

पाऊस पडल्यावर नांगरट काढणारा कुणबी कोणीं पाहिला आहे काय ? नांगरट उन्हाळ्यांत होते, बियाणें आधींच घरांत येतें. पाऊस आला कीं चाड्यावर मूठ धरावयाची तेवढी बाकी राहते. इतकें शहाणपण ज्यांच्या हाडींमांसीं खिळलें आहे, तेच आपण पोराच्या पुढच्या वाटेविषयीं मात्र दहावीचा निकाल लागेपर्यंत स्वस्थ बसतों ! निकाल मे-जूनांत लागतो आणि मग बाप जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवूं लागतो. आधारावर नांव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरें, हेंही तेव्हांच उमगतें. कागद हातीं येईतों आयटीआयमधल्या चांगल्या धंद्यांच्या जागा भरून जातात. मग नशिबाला बोल ! नशिबाचा यांत काय अपराध ?

नोकरदाराच्या घरीं ही माहिती मुलाला जेवतांजेवतां मिळते. आपल्या घरीं ती पोंचविणारा एकच, तो म्हणजे शाळामास्तर. पण माझे पुष्कळ व्यवसायबंधु म्हणतात, "आधीं पास तर होऊं द्या !" मी त्यांना विचारतों, पास झाल्यावर सांगून उपयोग कोणाला ? नापास झालेल्या मुलालाही आयटीआयच्या कांहीं धंद्यांत प्रवेश आहे, हें त्याला कोण सांगणार ?

कायदा काय म्हणतो तें ऐका. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालीं झाला. चौदा वर्षें पुरीं झालेल्यास शिकाऊ उमेदवार होतां येतें. धोक्याच्या कामाला मात्र अठरा वर्षें लागतात. ३० वा अधिक माणसें कामाला असणाऱ्या मालकानें असे उमेदवार घेतलेच पाहिजेत, असें २०१९ च्या नियमांनीं ठरविलें. त्याच नियमांत दरमहाचें किमान विद्यावेतन दहावी झालेल्यास ६००० व आयटीआय झालेल्यास ७००० रुपये घातलें होतें. अनुसूचित जाती-जमातींस व इतर मागास वर्गांस या जागांत राखीव वांटा आहे. पण वांटा कायद्यांत असून काय करावें ? दाखला वेळेवर नसेल तर ताट वाढलेलें असून आपण उपाशी !

रेल्वेचेंच पाहा. तेथें शिकाऊ उमेदवार निवडतांना लेखी परीक्षा नसते. दहावीचे व आयटीआयचे गुण धरून यादी लागते. म्हणजे नववी-दहावींत जो अभ्यास टाळला, त्याचा हिशेब दोन-तीन वर्षांनीं पुढें येतो. ही गोष्ट मुलाला नववींतच कळली तर त्याचा हात वहीवर बसेल.

कोणी म्हणेल, "हा तर गरिबाच्या पोराला मजूर करण्याचा डाव !" बंधूंनो, उमेदवारीसाठीं शाळा सोडा असें मी मुळींच म्हणत नाहीं. तयारी शाळेंत असतांना, अर्ज मुदतींत, आणि रुजू होणें शाळा पुरी झाल्यावर. कराराशिवाय पोराला झाडू मारण्यास व चहा आणण्यास राबविणारे मालक आहेत. त्याला उमेदवारी म्हणत नाहींत. खऱ्या उमेदवारीचा लेखी करार होतो, मुलगा अज्ञान असल्यास त्यावर पालकाची सही लागते आणि त्याची नोंद सरकारी सल्लागाराकडे होते. काम करतांना इजा झाली तर भरपाई मालकाच्या माथीं आहे. मात्र उमेदवारी संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाहीं. "पैसे द्या, कायम करून देतों" म्हणणारा दलाल दारीं आला तर त्याला आल्या वाटेनें परत लावा.

दुसरे कोणी हाताच्या कामाला नाक मुरडतात. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं खेड्यांतल्या शाळांत लिहिण्या-वाचण्याबरोबर शेतकीचें ज्ञानही द्यावें असें मागितलें होतें. लोहाराच्या भात्यापुढें वाढलेल्या पोराला लोखंड कळतें. त्याच्याजवळ नसतो तो प्रमाणपत्राचा कागद. कागद ज्याच्याजवळ, जागा त्याची. मग आपल्या मुलीला व मुलाला तो कां मिळूं नये ?

म्हणून नववीच्या दिवाळीच्या सुट्टींत एवढें कराच. आधार व शाळेचा दाखला शेजारीं ठेवून नांव आणि जन्मतारीख ताडून पाहा. जातीच्या दाखल्याचा अर्ज द्या. मुलाच्या नांवें बँकेंत खातें उघडा. उत्पन्नाचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला प्रवेशाच्या वर्षीं निकालाआधीं काढून ठेवा. मुलाला घेऊन जवळची आयटीआय एकदां डोळ्यांनीं पाहून या. आणि मास्तर कांहीं सांगत नसेल तर शाळेच्या दारांत उभे राहून त्याला विचारा. तो तुमच्या कराच्या पैशावर पगार घेतो. उत्तर देणें हें त्याचें उपकाराचें काम नव्हे, कर्तव्य आहे.

— खेड्यांतील एक शाळामास्तर