कुत्र्याची साक्ष आणि गरिबाची अब्रू

गावात घरफोडी होते. जिल्ह्याहून पोलिसांची गाडी येते, तिच्यातून एक उंचापुरा कुत्रा उतरतो. तो फुटलेल्या पेटीचा वास घेतो, दोन आळ्या हुंगतो आणि एका दारापुढे बसतो. झाले! खटला उभा राहण्याआधीच सारा गाव निकाल देऊन मोकळा होतो. ते दार पारध्याच्या पालाचे असले तर पुढे काही विचारावे असे कोणास वाटतही नाही. कोर्ट पुढेमागे त्याला सोडील, पण गाव सोडीत नाही.

आमचा रोख कुत्र्यावर नाही. कुणब्याला आणि धनगराला कुत्र्याची किंमत कोणी शिकवावयास नको. त्याचे नाक तिखट आहे, हे खरेच. पण तो वास कधीचा, आणि तो मनुष्य तेथे कशाला गेला होता, हे नाक सांगत नाही. ताक मागावयास आलेल्या शेजारणीचाही वास घरात राहतोच की! आणि कुत्रा बसला, भुंकला, याचा अर्थ सांगतो कोण? त्याची दोरी धरणारा शिपाई. देव बोलत नाही, भट बोलतो. तसाच हा प्रकार. निर्मिक आणि मनुष्य यांच्यामधला दलाल नको म्हणून जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. आता कुत्रा आणि कायदा यांच्यामध्ये खाकी दलाल उभा आहे. जुना रामोशी माग काढी, तेव्हा मातीतले पाऊल चार माणसांना दिसे. कुत्र्याचा माग कोणी पाहावा?

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाने २०११ साली एक परीक्षा प्रसिद्ध केली. एका चर्चच्या इमारतीत शिकविलेले १८ कुत्रे व त्यांचे धनी आणले. इमारतीत ना अमली माल होता, ना दारूगोळा. धन्यांना मात्र सांगितले होते की माल असू शकेल, आणि असला तर तेथे लाल कागदाची खूण असेल. १४४ झडत्या झाल्या. ‘कुत्र्याने माल दाखविला’ असे २२५ वेळा सांगण्यात आले, आणि एकदाही ते खरे नव्हते! अवघ्या २१ झडत्या निर्दोष निघाल्या. धन्याच्या मनातले ओळखणे हेच कुत्र्याचे इमान. येथे तेच घातक ठरते.

त्याच साली ‘शिकागो ट्रिब्यून’ पत्राने त्या शहराच्या उपनगरांतील पोलिसांची तीन वर्षांची दप्तरे तपासली. कुत्र्याने दाखविलेल्या शंभर मोटारींपैकी ४४ मोटारींत काही सापडले होते. मोटार हाकणारा मेक्सिको वगैरे स्पॅनिश मुलुखांकडील वंशाचा असला, तर अवघ्या २७. कुत्र्याला जात कळत नाही. मग ती कोणाला कळते?

१८७१ च्या कायद्याने आमच्या कित्येक बांधवांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय रद्द झाला नाही. ज्याच्या मनात पाल आधीच ठरले आहे, त्याच्या हातची दोरी कोणीकडे ओढेल?

महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली हे आक्षेप नमूद केले: कुत्र्याला पिंजऱ्यात उभे करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने शिपाई बोलतो ती ऐकीव साक्ष, आणि माणसाचा जीव व स्वातंत्र्य कुत्र्याच्या तर्कावर टांगू नये. असा पुरावा ग्राह्य धरला, तरी त्याला सहसा फारसे वजन नसते, असे न्यायालय म्हणाले. २००१ आणि २००८ सालीही तोच सूर निघाला. पण चावडीवर हे निकाल वाचतो कोण?

आमचे मागणे साधे आहे. कोणावर संशय आहे हे दोरी धरणाऱ्याला आधी कळू देऊ नये. प्रत्येक कुत्र्याच्या चुका दप्तरी लिहाव्यात आणि आरोपीच्या वकिलास त्या पाहू द्याव्यात. गावापुढे हा तमाशा मांडू नये. आणि पंच म्हणून ज्यांना बोलावतील त्या बांधवांनो, ‘कुत्रा आरोपीच्या घरी गेला’ एवढ्या एका ओळीवर अंगठा उठवू नका. कुत्रा कोठून निघाला, आणखी कोणाकोणाच्या दारी हुंगून आला, दोरी ढिली होती की ताणलेली, हे सारे पंचनाम्यात लिहून मागा, वाचून घ्या आणि मगच सही करा.