नाव, आडनाव आणि परके गाव

स्थलांतर हा शब्द आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. दसरा सरला की कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. त्यांच्या मुलांनी फडावर न जाता वर्गात बसावे, यातच निवासी शाळेचे खरे मोल आहे. अशा वसतिगृहांतून शिकलेली पिढी आज पुणे, बंगळूर आणि काही प्रमाणात परदेशातही स्थिरावत आहे. म्हणूनच परदेशस्थ भारतीयांच्या कथा-कादंबऱ्यांतून मांडला जाणारा ओळखीचा प्रश्न आपण आपल्या अनुभवाच्या कसोटीवर तपासून पाहिला पाहिजे.

झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ ही २००३ सालची कादंबरी या प्रकारातील अत्यंत गाजलेली कृती. अमेरिकेत जन्मलेल्या बंगाली मुलाचे नाव एका रशियन लेखकावरून गोगोल ठेवले जाते. त्या नावाचा त्याला संकोच वाटतो आणि वयात येताच तो निखिल होतो. दोन संस्कृतींच्या मध्ये उभ्या असलेल्या मनाची ही घालमेल खरी आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. नाव बदलणाऱ्या या नायकाला ‘गांगुली’ हे आडनाव मात्र कधी लपवावे लागत नाही.

आपल्या इतिहासात नाव लपवावे लागले, ते परदेशात नव्हे, स्वदेशात. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांचे शीर्षकच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत, असे आहे. अमेरिका आणि इंग्लंडमधील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते नमूद करतात. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू होण्यासाठी ते आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. परक्या देशात विद्यार्थी म्हणून सन्मानाने राहिलेला माणूस मायदेशी परतल्यावर निर्वासित झाला. विस्थापनाची याहून तीव्र कथा कोणत्या कादंबरीकाराने लिहिली आहे?

बाबूराव बागूल यांनी हेच दुःख मराठी कथेत आणले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेतील उधना येथे जातो आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात झाकतो. ती उघड होताच त्याला मार खावा लागतो. समीक्षक या कथेला दलित साहित्य म्हणतात, ते योग्यच. परंतु ती स्थलांतरिताचीही कथा आहे, हे आपण फारसे बोलत नाही.

या दोन परंपरांत मूलभूत अंतर आहे. परदेशस्थांच्या कथेत मागे राहिलेले घर हे हरवलेले सुख असते. आपल्यासाठी मागे राहिलेले गाव म्हणजे गावकुसाबाहेरची वस्तीही असते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवीकरणावर जी टीका केली, तिच्यामागे हाच अनुभव होता. आपल्यालाही गावाची आठवण येते. आईची, बाभळीची, ज्वारीच्या भाकरीची. पण त्या आठवणीसोबत वेगळा पाणवठाही आठवतो. या दोन्ही आठवणी एकाच मनात कशा नांदतात, हे अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

समुद्र ओलांडला की जात बुडते, असा काहींचा समज आहे. तसे असते तर अमेरिकेतील सिॲटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करण्याची गरज पडली नसती. पुण्यात भाड्याचे घर शोधताना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न कोणत्या हेतूने विचारला जातो, हेही आपण जाणतो.

नाव बदलण्याचे दोन मार्ग आहेत. एक भीतीपोटी, दाराआड. दुसरा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी स्वीकारलेला, सर्वांसमक्ष. पहिल्याने निवारा मिळतो, पण झोप मिळत नाही. दुसऱ्याने माणूस स्वतःच्या नावाचा धनी होतो. पहिला मार्ग पत्करावा लागलेल्यांना दोष देण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. दोष ते दार अडवणाऱ्यांचा.

लाहिरींनी त्यांचे जग लिहिले. आपले जग त्यांनी लिहावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल. ते काम या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे आहे. फडावरून वर्गात आणि वर्गातून परमुलखात गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तेथील पहिली खोली, पहिला प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर लिहून ठेवावे. इतिहासाचा शिक्षक म्हणून एवढेच सांगतो, जे लिहिले जात नाही, ते घडलेच नव्हते असे म्हणणारे पुढे हमखास भेटतात.