अर्थतज्ज्ञ कोणाला म्हणावे?

रिझर्व्ह बँक ज्या दराने इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो रेपो दर २०२५ साली जूनपर्यंतच फेब्रुवारी, एप्रिल आणि जून असा तीनदा उतरून साडेपाच टक्क्यांवर आला, ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले, आणि या प्रत्येक प्रसंगी दूरचित्रवाणीवर जे गृहस्थ कोणता शेअर घ्यावा व विमानतळालगतच्या उलव्यातील सदनिकेचा भाव कुठवर चढेल हे छातीठोकपणे सांगत होते, त्यांच्या नावाखाली ‘अर्थतज्ज्ञ’ ही पट्टी झळकत होती. वर्षाचा आढावा एवढ्यावर आटोपता घ्यायला हरकत नाही. वर्षभर खटकत राहिली ती ही पट्टी.

धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाला हा शब्द जोडला जाई तेव्हा त्याला वजन होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालकपद १९३० पासून १९६६ पर्यंत सांभाळणाऱ्या या विद्वानाने विठ्ठलराव विखे पाटलांच्या हाकेला ओ देऊन प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद पत्करले आणि राज्य सहकारी बँकेची धुराही वाहिली. ते सदस्य असलेल्या समितीने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, म्हणजे खेड्यातला माणूस कर्ज कोणाकडून उचलतो याच्या शोधात, १९५१-५२ सालचे जे चित्र दिसले ते असे, की शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम तीन रुपये होते, व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नव्हता आणि सुमारे सत्तर रुपये सावकाराचे होते. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, १९६९ मध्ये, गाडगीळांच्या अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हे क्षेत्र धरून काम करावे असे सुचवले, आणि त्यातून प्रत्येक जिल्ह्याच्या पतपुरवठ्याची जुळणी एका बँकेकडे सोपवणारी अग्रणी बँक योजना आली.

यंदाच्या अंकाचा विषय ‘हिशेब’ असल्याने (विषय आधी ठरला, हा राग नंतरचा) नवी मुंबई या शहराचाही एक हिशेब मांडणे भाग आहे. मुंबई-पनवेल व पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने १९६६ मध्ये मुंबईतील उद्योगवाढीला आवर घालून खाडीपलीकडे अनेक केंद्रांची वसाहत उभारावी आणि एकेका केंद्राची लोकसंख्या अडीच लाखांच्या आत ठेवावी असे म्हटले होते. घर शोधणारा प्रत्येक जण येथे ज्याला ‘नोड’ म्हणतो, ते हेच केंद्र. दलालाच्या तोंडी तो शब्द दिवसातून शंभरदा येतो, गाडगीळांचे नाव एकदाही नाही. त्याचा दोष मात्र दलालाला देणे अन्यायाचे होईल, कारण विद्यापीठांनीही ते फारसे घेतलेले नाही.

बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि शेजारचे खारघर रायगडात असल्यामुळे गाडगीळांच्या या दोन कल्पना येथे एकमेकींना छेदतात: शहर एकच, पण एका स्थानकाच्या अंतरावर अग्रणी बँक बदलते, अलीकडे बँक ऑफ महाराष्ट्र, पलीकडे बँक ऑफ इंडिया.