'मे बी'चा अर्थ काय?

हल्ली घरोघरी हा इंग्रजी शब्द ऐकू येतो. "रात्री जेवायला आहेस ना रे?" "मे बी." म्हणजे चपात्या किती लाटायच्या, ते आईनंच ओळखायचं! खरा अर्थ 'कदाचित', होईलही किंवा होणारही नाही. आपण मात्र तो 'बघू नंतर' असा वापरतो.

ऑगस्ट २०१९. इकडे साताऱ्यात पाऊस थांबेना, कोयना धरणातून पाणी सोडलेलं. ते कऱ्हाडला कृष्णेला मिळून सांगलीलाच जाणार. धाकट्या बहिणीला फोन केला, "सामान माडीवर चढव." ती म्हणाली, "ताई, मे बी एवढं नाही येणार गं. २००५ ला उंबऱ्यापर्यंतच आलेलं." मीही गप्प बसले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धान्याचे डबे, लेकीची सर्टिफिकिटं, सगळं चिखलात.

आता हवामान खात्यानं 'शक्यता' म्हटलं, की बहीण आधी कागदपत्रं वर नेते. पाणी नाही आलं, तर हसत खाली आणते. मैत्रिणींनो, 'कदाचित' हात झटकायला नसतं, पदर खोचायला असतं!